स्कॉटलंडमधील फुटबॉल क्लबचा इतिहास कसा अभ्यासावा : क्वीन्स पार्कच्या निमित्ताने

स्कॉटलंडमधील फुटबॉल क्लबचा इतिहास वाचायला घेणारे बहुतेक जण सेल्टिक किंवा रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांकडे वळतात आणि जिंकलेल्या चषकांची यादी पाहून थांबतात. माझा आग्रह असा, की सुरुवात ग्लासगोच्या दक्षिण भागातील क्वीन्स पार्कपासून करावी. हा स्कॉटलंडमधील सर्वांत जुना क्लब आहे आणि त्याने कोणत्या गोष्टींना नकार दिला हे पाहत गेले, की त्या देशातील साऱ्या फुटबॉलची घडण समजू लागते.

सर्वप्रथम एका कागदावर दोन रकाने आखावेत. एकात क्लबच्या घडामोडी लिहाव्यात आणि दुसऱ्यात त्या वर्षी कोणत्या संस्था, स्पर्धा व नियम अस्तित्वात होते ते लिहावे. ९ जुलै १८६७ रोजी क्वीन्स पार्कची स्थापना झाली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये ना संघटना होती ना स्पर्धा. स्कॉटिश फुटबॉल संघटना १८७३ मध्ये आणि लीग १८९० मध्ये आली. त्यामुळे हा क्लब आरंभी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या चषक स्पर्धेत, म्हणजे एफए कपमध्ये उतरला आणि तो चषक घडवण्यासाठी त्याने एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणीही दिली. १८७२ मध्ये एकही सामना न खेळता तो उपांत्य फेरीत पोहोचला, लंडनमध्ये वाँडरर्स या तिथल्याच क्लबशी ०–० अशी बरोबरी साधली आणि पुन्हा खेळण्यासाठी लागणारा प्रवास व मुक्काम परवडत नसल्याने त्याने माघार घेतली. दुसरा रकाना जवळ नसेल, तर केवळ निकाल पाहणारा वाचक याला पराभव समजून पुढे जाईल.

यानंतर ‘पहिला’ हा दावा जिथे जिथे दिसेल, तिथे त्याची व्याख्या तपासावी. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी पार्टिक येथील क्रिकेट मैदानावर झालेला स्कॉटलंड–इंग्लंड सामना जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना मानला जातो. त्याआधीही लंडनमध्ये याच नावांचे सामने झाले होते. परंतु त्यांतील स्कॉटलंडचे खेळाडू प्रामुख्याने लंडन परिसरात राहणारे असल्याने ते सामने अधिकृत धरले जात नाहीत. १८७२ चे अकराही स्कॉटिश खेळाडू क्वीन्स पार्कचे होते असे सर्वत्र लिहिलेले आढळते आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यांपैकी स्मिथ बंधूंचा तेव्हा लंडनच्या साउथ नॉरवुड क्लबशीही संबंध होता, याची नोंद अभ्यासकाने अवश्य ठेवावी.

चषकांची मोजणीही अशीच सांभाळून करावी. क्वीन्स पार्कच्या नावावर दहा स्कॉटिश कप आहेत. पहिला १८७४ चा आणि शेवटचा १८९३ चा. त्यांपैकी १८८४ चा अंतिम सामना झालाच नाही, कारण व्हेल ऑफ लेव्हनने सामना पुढे ढकलण्याची केलेली विनंती नाकारली गेली आणि तो संघ मैदानात उतरला नाही. त्याच वर्षी आणि १८८५ मध्येही क्वीन्स पार्क एफए कपच्या अंतिम फेरीत पोहोचला व दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरला.

१८९३ नंतर एकही स्कॉटिश कप का नाही, हा प्रश्न विचारला की आपण या इतिहासाच्या गाभ्याशी पोहोचतो. १८९० मध्ये लीग स्थापन होत असताना क्वीन्स पार्कने तीत सामील होण्यास नकार दिला. नियमित सामने आले की तिकिटांचा पैसा येईल, पैशामागून पगारी खेळाडू येतील आणि लहान गावांचे क्लब या शर्यतीत टिकणार नाहीत, अशी त्यामागची धास्ती होती. ती पोकळ नव्हती, हे रेंटनसारख्या एकेकाळच्या बलाढ्य ग्रामीण क्लबची पुढे झालेली वाताहत वाचली की पटते. १८९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये व्यावसायिकतेला मान्यता मिळाली. क्वीन्स पार्क १९०० मध्ये लीगमध्ये आला खरा, पण खेळाडूंना पगार न देण्याचा नियम त्याने २०१९ पर्यंत पाळला. ‘खेळासाठी खेळणे’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद मिरवणाऱ्या या क्लबने त्या ब्रीदाची किंमत शतकाहून अधिक काळ मोजली, आणि मला हा भाग कोणत्याही विजयापेक्षा मोलाचा वाटतो.

मैदानांचा शोध घेताना नकाशे उपयोगी पडतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने सर्वेक्षण नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. निरनिराळ्या काळांतील नकाशे शेजारी ठेवल्यास क्वीन्स पार्कची हॅम्पडेन पार्क या एकाच नावाची तीन मैदाने वेगळी ओळखता येतात. १८७३ चे पहिले मैदान रेल्वेमार्गामुळे सोडावे लागले, १८८४ चे दुसरे मैदान पुढे थर्ड लॅनार्क या ग्लासगोच्याच दुसऱ्या क्लबकडे गेले आणि तिसरे ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी खुले झाले. थर्ड लॅनार्क १९६७ मध्ये बंद पडला, तरी कॅथकिन पार्क या नावाने त्या दुसऱ्या मैदानाच्या पायऱ्या आजही सार्वजनिक उद्यानात उभ्या आहेत. म्हणून एखाद्या लेखात नुसते ‘हॅम्पडेन’ आले, तर आधी वर्ष पाहावे.

सामन्यांच्या तपशिलासाठी समकालीन वृत्तपत्रे वाचावीत. ‘ग्लासगो हेरल्ड’चे जुने अंक ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात पाहता येतात. छायाचित्रांकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण काही गोष्टी छापील वृत्तांतात येतच नाहीत. डेमेरारात (आजच्या गयानात) जन्मलेला अँड्र्यू वॉटसन हा क्वीन्स पार्कचा खेळाडू १८८१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला ६–१ असे हरवणाऱ्या स्कॉटलंड संघाचा कर्णधार होता. तो कृष्णवर्णीय होता, ही गोष्ट अनेक दशके विस्मरणात गेली आणि पुढे जुन्या संघाच्या छायाचित्रांमुळे पुन्हा उजेडात आली. ज्या वृत्तांतात केवळ आडनावे असतात, त्यांच्या आधारे हे कधीच कळले नसते. हॅम्पडेनमधील स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय या कामासाठी उत्तम ठिकाण आहे.

अलीकडचा काळ तुलनेने सोपा आहे. पुढे मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक म्हणून गाजलेले अॅलेक्स फर्ग्युसन आणि स्कॉटलंडचा बचावपटू अँडी रॉबर्टसन यांची खेळाडू म्हणून सुरुवात येथूनच झाली, हॅम्पडेन २०२० मध्ये ५० लाख पौंडांना स्कॉटिश संघटनेकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या क्लबने रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर १–० असे हरवून स्कॉटिश कपमधून बाहेर काढले. येथपर्यंत आल्यावर तेच दोन रकाने घेऊन व्हेल ऑफ लेव्हन, रेंटन किंवा थर्ड लॅनार्ककडे वळावे आणि १८९० चा निर्णय दुसऱ्या बाजूने तपासावा.