आत्मचित्रात छायाचित्र आणि जलरंग: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्वतःचे छायाचित्र छापून त्यावर जलरंगांत काम करायचे ठरवले की पहिला प्रश्न रंगांचा नसतो, शाईचा आणि कागदाचा असतो. अनेक घरगुती इंकजेट प्रिंटरमधील रंगीत शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ओला कुंचला लागताच ती सुटते आणि चेहऱ्याच्या कडा मळतात. म्हणून पिगमेंट शाईने, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईने छपाई करावी, प्रत निदान एक दिवस वाळू द्यावी आणि कागद 300 जीएसएमचा (प्रति चौरस मीटर 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के सुती घ्यावा. चकचकीत फोटोकागदावर रंग मुरत नाही, त्याचे नुसते थेंब गोळा होतात.

जलरंग पारदर्शक असल्यामुळे खालचा काळा भाग त्याने उजळत नाही. त्यामुळे छापण्यापूर्वीच गडद छटा फिक्या कराव्यात, इतक्या की पडद्यावर आपला चेहरा निस्तेज वाटावा. उरलेली खोली नंतर रंग देतो.

याहून अवघड निर्णय रंग कुठे लावायचा हा आहे. रॉबर्ट कॉर्नेलियस या अमेरिकी छायाचित्रकाराने 1839 मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचे छायाचित्र टिपले, तेव्हा कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हते, आणि पुढील काळात व्यक्तिचित्रांवर हाताने रंग चढवला जाई तो ही उणीव भरून काढण्यासाठी. आज ती उणीव राहिलेली नाही. साम्य छायाचित्राने आधीच साधलेले असते, तेव्हा ओठ लाल आणि केस काळे करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. स्वतःविषयी जे कॅमेऱ्याला दिसले नाही, ते सांगण्यासाठीच रंग यावा, असे माझे ठाम मत आहे.

डोळ्याखालची सावलीच घ्या. ती छापात असतेच, आणि त्यावर पुन्हा करडा रंग दिला तर ती काजळीसारखी दिसते. मी तिथे अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देते. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि गुळगुळीत छापील त्वचेवर खरबरीत निळसर थकवा उमटतो. थॅलो ब्लू मात्र तिथे टाळावा, कारण तो कागदात रुतला की ओल्या कुंचल्याने उचलला जात नाही. त्याच जागी वारंवार कुंचला घासू नये, कारण छपाईसाठी कागदावर दिलेला लेप निघून येतो.

एकाच छायाचित्राच्या अनेक प्रती काढून त्यांवर वेगवेगळे काम करता येते, हा या माध्यमाचा मोठा लाभ आहे आणि विद्यार्थ्यांनी तो पुरेपूर घ्यावा. एका प्रतीत केवळ पार्श्वभूमी रंगवावी, दुसरीत चेहरा पाणीदार रंगाने जवळजवळ झाकून टाकावा, आणि मग प्रती भिंतीवर शेजारी लावून पाहाव्यात.

प्रदर्शनासाठी काम पाठवताना ‘मिश्र माध्यम’ एवढेच लिहून थांबू नये. शाईचा प्रकार, कागद आणि वापरलेली रंगद्रव्ये नोंदवावीत. अस्सल अलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगासारखे रंग उजेडात फिके पडतात, त्यामुळे विक्रीच्या कामात त्यांच्याऐवजी टिकाऊ पर्याय वापरावेत आणि चित्र काचेखाली, मध्ये माउंट (काच चित्राला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट) ठेवून मढवावे.