पायची नवी किंमत मांडण्याआधी या चुका टाळा

सदाशिव पेठेत दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण गणिताला बसतो. पाय (π) म्हणजे वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या; वर्षातून दोन-तीनदा तरी तिच्यासाठी कुणी काका वही घेऊन येतात: "पायची पुस्तकातली किंमत चुकलीय, खरी मी काढलीय." कुणाची ३.१४४६, कुणाची ३.१४६४. त्या वहीत कित्येक महिन्यांची मेहनत असते, म्हणून मी ती पहिल्या पानापासून वाचतो. घसरण्याच्या जागा मात्र बहुतेक वेळा त्याच निघतात.

सगळ्यात जास्त घात करते ती मोजणी. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ तुळशीबागेतून घेतलेली ३० सेंमी व्यासाची स्टीलची थाळी आणि सुतळी घेऊन आले. सुतळी थाळीभोवती गुंडाळली, खूण केली, सरळ करून टेपवर धरली: ९४.९ सेंमी. भागिले ३०, म्हणजे ३.१६३. "बघा, १० चं वर्गमूळ! ब्रह्मगुप्ताचीच किंमत खरी." १० चं वर्गमूळ ३.१६२ येतं, त्यामुळे क्षणभर सगळेच गप्प झाले. मग आम्ही सुतळीची जाडी मोजली. २ मिमी भरली. गुंडाळलेल्या सुतळीची लांबी थाळीच्या कडेवरची नसते, सुतळीच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाची असते. म्हणजे व्यास धरायचा ३०.२. आता भागाकार आला ३.१४२! भोसरीत पत्र्याचं काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पत्रा वळवून नळी करायची तर तो लांबी मधल्या व्यासावरच काढतो.

बरं, जाडीची चूक सुधारली तरी टेपने वाद मिटत नाही. याच थाळीचा परिघ ३.१४१६ ने ९४.२५ सेंमी येतो आणि ३.१४४६ ने ९४.३४. फरक १ मिमीसुद्धा नाही. व्यास मोजताना १ मिमी इकडेतिकडे झाला तरी भागाकार ०.०१ ने हलतो. तिसऱ्या दशांश स्थळाचा निवाडा थाळीवर करू नका.

जुन्या गणितींना एकमेकांविरुद्ध उभं करणं ही दुसरी चूक, आणि मला ती जास्त लागते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि सोबत शब्द वापरला 'आसन्न', म्हणजे जवळचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलं, २२/७ ला स्थूल पण व्यवहारयोग्य. कोणती किंमत कुठे चालेल हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. शाळेत आपण 'पाय = २२/७' पाठ करतो आणि पुढे तोच पाय अपरिमेय आहे असंही शिकतो; घोळ तिथे सुरू होतो. २२/७ म्हणजे ३.१४२८..., पायपेक्षा किंचित मोठा. कुठलाच अपूर्णांक तंतोतंत पुरणार नाही हे लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं.

१ व्यासाच्या वर्तुळाभोवतीच्या चौकोनाचे कोपरे आत दुमडत दुमडत 'पाय = ४' दाखवणारं चित्र मुलं हमखास आणतात. पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी त्यांची एकूण लांबी ४ च राहते. आकार वर्तुळाला चिकटला म्हणून लांबीही चिकटते असं नाही.

मग निवाडा कशावर? कुंपणावर. आर्किमिडीजने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज बसवून दाखवलं की पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान आहे. परिघ बाहेरच्या कुंपणापेक्षा लांब असूच शकत नाही. म्हणून तुमची किंमत २२/७ च्या वर गेली की वहीत कुठेतरी चूक आहेच. ३.१४४६, ३.१४६४, १० चं वर्गमूळ, तिन्ही इथेच बाद होतात.

बहुभुजाची बाजू साइनने काढली की "साइनच्या कोष्टकात तुमचाच पाय लपलाय," असा आक्षेप येतो. ठीक आहे, कोन वापरूच नका, फक्त वर्गमूळं घ्या. त्रिज्या १, आतल्या षटकोनाची बाजू १. बाजूचा वर्ग ४ मधून वजा करा, वर्गमूळ घ्या, ते २ मधून वजा करा, पुन्हा वर्गमूळ घ्या: ही १२ बाजूंच्या बहुभुजाची बाजू, ०.५१७६. गुणिले १२, भागिले व्यास म्हणजे २, उत्तर ३.१०५८. असंच पुढे २४, ४८, ९६ करत गेलात की ३.१३२६, ३.१३९४, ३.१४१०. बाहेरच्या कुंपणासाठी प्रत्येक उत्तराला २ ने गुणा आणि '४ वजा बाजूचा वर्ग' याच्या वर्गमूळाने भागा. ९६ ला ३.१४२७ येतं.

इथे कॅल्क्युलेटर एक दगा देतो. बाजूंची संख्या दुप्पट करत खूप पुढे गेलात की उत्तरं आधी डळमळतात आणि शेवटी थेट शून्य येतं. पायचा यात दोष नाही; २ मधून जवळजवळ २ वजा होतात आणि कामाचे अंक गळून जातात. त्याऐवजी '४ वजा बाजूचा वर्ग' याचं वर्गमूळ २ मध्ये मिळवा, त्या बेरजेचं वर्गमूळ घ्या आणि जुन्या बाजूला त्याने भागा. नवी बाजू तीच येते आणि अंक शाबूत राहतात.