ईस्टर सरकतं, मिरग सरकत नाही: चर्च सांभाळणाऱ्यासाठी चार महिन्यांची कामं

चर्चच्या किल्ल्या माझ्या हातात देताना आधीच्या काकांनी एकच गोष्ट सांगितली. नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आधी दोन तारखांवर खूण कर, एक ईस्टरची आणि दुसरी 7 जूनची. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कुठेही पडतं. मिरग मात्र, म्हणजे पाऊस लागतो तो 7 जून, जागचा हलत नाही. 2025 साली ईस्टर 20 एप्रिलला होतं, म्हणजे पुढे मिरगापर्यंत छपराच्या डागडुजीला जेमतेम 48 दिवस. 2026 ला ते 5 एप्रिलला आलं आणि 63 दिवस मिळाले. 2027 ला 28 मार्च आहे, 71 दिवस. वसईत कौलारू चर्च सांभाळणाऱ्याचं सगळं गणित या आकड्यावर चालतं, कारण पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, परांची उभी ठेवता येत नाही आणि पाऊस कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही.

सुरुवात राखेपासून करा. राखेचा बुधवार, म्हणजे कपाळावर राखेचा क्रूस काढून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तो दिवस, ईस्टरच्या 46 दिवस आधी येतो, 2027 ला 10 फेब्रुवारीला. त्याच्या दोन रविवार आधी फादरना सांगून घोषणा करायला लावा, की मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या आणून पेटीत टाका, त्यांचीच राख करायची असते. लोक क्रूस विणून त्याला रिबिनी, टाचण्या, प्लास्टिकची फुलं लावतात. ते सगळं बसून काढा. प्लास्टिक जळलं की राख चिकट होते आणि वास आठवडाभर जात नाही. लोखंडी घमेल्यात, वारा नसताना, सकाळी जाळा. रॉकेल अजिबात नको. झावळी नीट वाळलेली असली की एका काडीत पेटते. राख पूर्ण थंड झाली की खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून चाळा. घमेलंभर झावळ्यांची वाटीभर राख होते, तेवढी गावाला पुरते.

आणि त्या राखेत पाणी घालू नका. मी पहिल्याच वर्षी शहाणपणा केला. राख कपाळावर चिकटत नाही म्हणून पाणी घालून लगदा केला आणि रात्रभर झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपायच्या आत पुढच्या बाकांवरची पोरं कपाळ चोळायला लागली, एका म्हातारीच्या कपाळावर लाल क्रूस दोन दिवस राहिला. ओल्या राखेत क्षार उतरतो आणि तो कातडी भाजतो, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजी भांडी राखेनं घासायची आणि तिची बोटं फाटायची, त्यावरून तरी कळायला हवं होतं. आता राख कोरडीच ठेवतो, फारच उडत असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब.

प्रायश्चित्तकाळात आल्तारावर, म्हणजे वेदीवर, फुलं नसतात, फक्त चौथ्या रविवारी आणि मध्ये येणाऱ्या मोठ्या सणांना चालतात. म्हणजे फुलदाण्या, पितळी समया, मेणबत्त्यांची घरं धुवायला हेच दिवस. पितळेला चिंच चालते. मुलामा दिलेल्या चांदीच्या कालिसाला (मिस्सेतल्या द्राक्षारसाच्या प्याल्याला) चिंच, राख, पावडर काहीच लावायचं नाही. कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. पवित्र पाण्याच्या संगमरवरी कुंडालाही लिंबू लावू नका. आपल्या विहिरींच्या खारट पाण्यानं त्यावर पांढरा थर बसतो हे खरं, पण लिंबानं थराबरोबर दगडाची झिलईही जाते. लाकडी चमच्यानं हळूहळू खरवडा.

पाचव्या रविवारपासून आमच्याकडे क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडानं झाकतात. झाकण्याआधी प्रत्येक लाकडी पुतळा पुढे ओढून मागून बघा. वाळवी चेहऱ्याकडून येत नाही. ती भिंतीकडून, पाठीतून येते आणि दोन आठवडे अंधार मिळाला तर तिचं फावतं. बोटाच्या पेरानं ठोका. आवाज पोकळ आला तर त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. धूळ मऊ कुंचल्यानं झाडा, ओलं फडकं फिरवू नका, जुना रंग त्याबरोबर निघतो. कापडाला टाचण्या न लावता नाड्या शिवून घ्या.

याच सुमारास घंटाघरात चढा. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडायची नाही. आधी पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा, मग खरवडा. दोर कुठे विरलाय ते हात फिरवून बघा, लोलकाचा बोल्ट पान्यानं आवळा. (घंटेशी बोलत बसलो की मला नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवते. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथून गेलेल्यांपैकी ती, असं सांगतात. तिथला गुरव बोल्ट आवळत असेल का, हा माझा जुना प्रश्न आहे.)

वर गेलातच तर आग्यामोहोळ बघून या. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते बुरुजाच्या वळचणीला लटकतं. एरवी ते कुणाच्या वाटेला जात नाही, पण पवित्र शनिवारी रात्री आपण अंगणात आगटी पेटवतो. धूर वर गेला आणि माश्या उठल्या तर त्या उजेडाकडे येतात, आणि उजेड कुठे, तर माणसांच्या हातातल्या मेणबत्त्यांवर. म्हणून पोळं पंधरा दिवस आधी जाणकाराकडून हलवा. ते जमलं नाही तर आगटी बुरुजापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावा.

झावळ्यांच्या रविवारासाठी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारासाठी, माडवाल्याला आधीच सांगून ठेवा. माडाचा मधला कोंब कापू देऊ नका, पिवळा रंग छान दिसतो पण झाड मागे पडतं. शनिवारी संध्याकाळी उतरवलेल्या झावळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या की सकाळपर्यंत ताज्या राहतात.

आज्ञा गुरुवारी, म्हणजे पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, मिस्सेतल्या गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या. दोर वर गुंडाळून गाठ मारून ठेवा, नाहीतर एखादं पोर ओढतंच. घंटेऐवजी मात्राक, म्हणजे हातानं वाजवायची लाकडी खडखडी असते, तिचा खिळा आदल्या दिवशी बघा. मिस्सेनंतर कापडं काढून आल्तार उघडं करायचं. कापडांवरचं मेण नखानं काढू नका. वर-खाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात उतरतं. पवित्र पात्रं पुसलेली कापडं आधी साध्या पाण्यातून काढा आणि ते पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी ओता. पवित्र पाण्याची कुंडं रिकामी झाली की त्यांची सफाई त्याच रात्री उरका.

शुक्रवारी तुमचं काम मुख्यतः सावलीचं. तीनच्या उन्हात अंगणातली फरशी तापलेली असते आणि क्रुसाच्या वाटेला कितीतरी जण अनवाणी येतात. दुपारी दोनला पाणी मारा, सतरंज्या टाका, पिण्याच्या पाण्याचे पिंप दाराशी ठेवा.

शनिवारची रात्र मात्र तुमची परीक्षा. पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती दरवर्षी नवी असते. ती आली की लगेच समईत बसवून बघा. एका वर्षी ती अर्धा बोट जाड निघाली आणि मी संध्याकाळी सहाला सॅक्रिस्टीत (आल्तारामागच्या तयारीच्या खोलीत) बसून सुरीनं बूड तासत होतो, बाहेर फादर घड्याळ बघत होते. त्या मेणबत्तीत रोवायचे लोबानाचे पाच दाणे, त्यांच्या मेणाच्या टाचण्या आणि वर्षाचे चार आकडे एका ताटलीत मांडून ठेवा. धुपाटण्यासाठी मी विकतच्या गोल कोळशापेक्षा करवंटीचा कोळसा वापरतो. आगटीतूनच चिमट्यानं उचलता येतो आणि फुटून उडत नाही. लोकांच्या मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावा, नाहीतर नंतर फरशीवरून मेण काढताना कंबर मोडते. फरशीवर बर्फ घासा आणि लाकडी पट्टीनं उचला.

मुख्य स्विच कुणाच्या हाती, हे आधी ठरवा. मेणबत्ती आत नेताना ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही घोषणा तीनदा होते; तिसऱ्या घोषणेनंतर चर्चमधले दिवे लागतात, आल्तारावरच्या मेणबत्त्या मात्र गौरवगीताला. मी स्विचबोर्डवर 1, 2, 3 अशा चिकटपट्ट्या लावल्या आहेत आणि काळोखातही चुकणार नाही अशा मुलाला तिथे उभा करतो. गर्दीच्या पंख्यांचा आणि माईकचा भार एकत्र चालवून एकदा बुधवारीच बघा.

ईस्टरचा सोमवार एवढीच सुट्टी. मंगळवारपासून शाकारणी. कौलं चाळताना पाय रिपेच्या रेषेवर, शिडी आडवी टाकून. जुन्या मंगळुरी कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, म्हणून पाडलेल्या घरांतून त्याच छापाची पन्नासेक कौलं मिळतील तेव्हा घेऊन ठेवा. कोन्यांच्या सांध्यात चुना भरा. पन्हळीतली आंब्याची पानं काढा.

जुन्या भिंतीतला पिंपळ नुसता उपटू नका. मुळाशेजारचा चुना खरवडून मूळ निघेल तितकं काढा आणि ती जागा चुन्यानंच भरा. वसईच्या किल्ल्यातली छप्पर गेलेली चर्चं एकदा या नजरेनं बघून या. मुळं दगड कसे सोडवतात ते तिथे दिसतं. कंत्राटदार सिमेंट आणि ऑइलपेंट सुचवेल, स्वस्त पडेल म्हणेल. चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. वरून बंद केली तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. कळीचा चुना विरवून, थोडं मीठ आणि नीळ घालून दोन हात द्या.

एवढं करूनही कुठेतरी गळणारच. पहिला मोठा पाऊस लागला की मी खडू घेऊन चर्चमध्ये जातो आणि थेंब पडेल तिथे फरशीवर गोल काढतो, शेजारी तारीख. मग वहीत उतरवतो: तिसरा खांब, उजवीकडे, बाक सात. मागच्या वर्षी अकरा गोल होते, यंदा चार.