काजू-आंब्याच्या कारखान्यातील ऑटोमेशन आणि वेबसाइट : या चुका टाळा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या काजू, आंबा पल्प व कोकम प्रक्रियेच्या लहान कारखान्यांमध्ये कंट्रोल पॅनेल बसवण्याचे आणि बिघडलेली पॅनेल दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. अलीकडे मालकांकडून दोन मागण्या एकत्रच येतात : यंत्रे ऑटोमॅटिक करायची आहेत आणि वेबसाइटही काढायची आहे. दोन्ही इच्छा योग्यच आहेत, पण दोन्हींमध्ये पैसा बुडतो तो बहुधा त्याच त्या चुकांमुळे. या चुका महागड्या तंत्रज्ञानाच्या नसून आपला हंगाम, आपली खारी हवा आणि आपल्या कामाचा क्रम विचारात न घेतल्याच्या असतात.

पहिली चूक यंत्र येण्याआधीच होते. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने अनेकांनी यंत्रे घेतली, आणि ते चांगलेच झाले. मात्र बँकेला कोटेशन हवे असते म्हणून आधी कोटेशन येते आणि आपल्याला नेमके काय हवे आहे याचा विचार मागाहून होतो. काजूच्या कारखान्यात असे सर्रास घडते. मालकाला वाटते की सगळे काम कटिंगवर अडले आहे, म्हणून तो ऑटोमॅटिक कटिंग मशीन घेतो. प्रत्यक्षात काम अडलेले असते ड्रायरवर आणि त्यानंतरच्या साल काढण्यावर. कटिंगचा वेग वाढला की ड्रायरसमोर गराचे ट्रे साचतात, आणि दमट हवेत उघड्यावर राहिलेला गर पुन्हा ओल धरतो.

शिवाय त्या यंत्राची स्वतःची एक अट असते, ती म्हणजे बी एका मापाची हवी. वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची बी साधारण साडेसात-आठ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमच्या आसपास, आणि गावठी झाडांची बी बरीच बारीक असते. पायमशीनवर बसलेली बाई बी हातात घेताच तिचे माप ओळखते आणि पात्यावर दाब त्याप्रमाणे देते. ऑटोमॅटिक पात्याला हा फरक कळत नाही. मिसळलेली बी त्यात ओतली की बारीक बी न कापताच पुढे जाते आणि मोठ्या बीचा गर तुटतो. एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात तो डब्ल्यू-३२० ग्रेड, २२० ते २४० बसतात तो डब्ल्यू-२४०. या ग्रेडचे भाव अख्ख्या गराला मिळतात, तुकड्याला नव्हे. म्हणून तुकडा वाढला की यंत्राला दोष देण्याआधी बी चाळणीच्या ड्रममधून वेगवेगळ्या मापांत काढली होती का, आणि वाफवल्यानंतर ती पुरेशी थंड होऊ दिली होती का, या दोन गोष्टी तपासाव्यात. माझे मत विचाराल तर लहान कारखान्याने कटिंग मशीनच्या आधी चाळणी आणि चांगला ड्रायर घ्यावा, आणि तेही आठ दिवस प्रत्येक टप्प्यावर किती किलो माल किती तास थांबतो याची वहीत नोंद करून मगच.

पडद्यावरचा आकडा आणि पल्पचे खरे तापमान

आता ज्या चुकीने माल वाया जातो आणि खाणाऱ्याच्या आरोग्यालाही धोका पोहोचू शकतो, तिच्याविषयी सविस्तर लिहितो. आंबा पल्प ठरावीक तापमानाला गरम करून डब्यात भरतात. ते तापमान मोजायला बहुतेक ठिकाणी पीटी-१०० सेन्सर असतो. त्यातील प्लॅटिनमच्या तारेचा विद्युतरोध शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढत जातो. कंट्रोलर हा रोध मोजतो आणि त्यावरून तापमान दाखवतो. याचा अर्थ, वाटेत कुठे एक ओहम रोध विनाकारण वाढला तर पडद्यावर सुमारे अडीच अंश जास्त दिसतात.

किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात मे महिन्यात डबे फुगण्याची तक्रार आली. पडद्यावर तापमान ९२ अंश होते. मी हातातला थर्मामीटर त्याच पल्पमध्ये धरला, तो ८६ वर थांबला. सेन्सरच्या डोक्यावरची लहान पेटी उघडली तर तिचे झाकण अर्धवट बसवलेले होते, आत वाफ आणि खारी हवा शिरून तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढला होता, आणि सेन्सरला तीन तारा असूनही बसवणाऱ्याने दोनच जोडल्या होत्या. तिसरी तार असते तीच मुळी केबलचा रोध वजा करण्यासाठी. ती न जोडल्याने गंजाचा सगळा रोध तापमान म्हणून मोजला जात होता. यंत्र त्याच्या परीने अचूक चालत होते. त्याला ९२ दिसत होते, म्हणून ते वाफ बंद करत होते आणि पल्प पुरेसा गरम न होताच डब्यात जात होता.

यावरचा उपाय स्वस्त आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि त्यानंतर दर आठवड्याला सेन्सर काढून थर्मासमधल्या बर्फ-पाण्याच्या मिश्रणात धरावा, तेथे शून्य दिसले पाहिजे. मग उकळत्या पाण्यात धरावा. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे तेथे १०० च दिसले पाहिजे, घाटावर जसा एखाद-दुसरा अंश सोडून द्यावा लागतो तसा येथे सोडू नये. दोन्ही आकडे तारीख घालून लिहून ठेवावेत. तिन्ही तारा जोडाव्यात, टोकांना टिन लावलेले लग (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) वापरावेत, पेटीचे रबर दरवर्षी बदलावे. तिन्ही तारा जोडूनही एकाच टर्मिनलवर गंज चढला तर आकडा वर किंवा खाली सरकू शकतो, म्हणून ही तपासणी चुकवून चालत नाही.

याच जातीची आणखी एक चूक प्रोग्राममध्ये दडलेली असते. सेन्सरचे माप कंट्रोलरकडे नेणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये शून्य मापालाही ४ मिलिअँपिअर प्रवाह ठेवलेला असतो, तो यासाठीच की तार तुटली तर प्रवाह ४ च्या बराच खाली जाऊन दोष लगेच ओळखता यावा. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही तपासणी घातली नसेल तर तुटलेली तार म्हणजे थंड पल्प असे समजून पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला यंत्र चालवणारा छोटा संगणक, वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडते. पॅनेल ताब्यात घेताना सप्लायरसमोर एक-एक सेन्सरची तार प्रत्यक्ष सोडवून पाहावी. प्रत्येक वेळी अलार्म वाजला पाहिजे आणि व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. असे होत नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नये.

अर्थिंग, व्होल्टेज आणि पावसाळा

मोटार चालू होताच आकडे उड्या मारू लागले तर बहुतेक वेळा मूळ अर्थिंगमध्ये असते. आपला जांभा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि विजेला वाट देत नाही, आणि पल्पचा हंगाम नेमका एप्रिल-मेमध्येच येतो. पावसाळ्यात मोजलेले अर्थिंग त्या काळात कामाचे नसते. ते मे महिन्यात मोजावे आणि खड्ड्यात पाणी घालत राहावे. सेन्सरच्या केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नयेत.

फीडरच्या (गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीच्या) टोकाला व्होल्टेज कमी झाले की मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ट्रिप होतो. वैतागून काहीजण त्यात आपोआप पुन्हा सुरू होण्याची सेटिंग करून ठेवतात. पंप किंवा पंख्याला ते एखाद वेळ चालेल. कटिंग मशीन किंवा कन्व्हेयरला ही सेटिंग कधीही करू नये, कारण बंद पडलेल्या यंत्रात अडकलेला माल काढायला कोणाचा तरी हात आत गेलेला असतो.

हंगाम संपल्यावर पॅनेलचा मेन स्विच बंद करून कुलूप लावणे ही कोकणातली हमखास चूक आहे. चालू पॅनेल स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते, बंद पॅनेलमध्ये चार महिने दव धरते. आतला लहान हीटर पावसाळाभर चालू ठेवावा, केबलची न वापरलेली छिद्रे बुजवावीत आणि पत्र्याऐवजी फायबरचे किंवा स्टेनलेस स्टीलचे पॅनेल परवडत असेल तर तेच घ्यावे.

वेबसाइट

माझी वहिनी घरगुती आमसूल आणि कोकम आगळ विकते. तिची वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर नोंदवले. पुढे तो नोकरीसाठी गेला, मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, आणि ऐन जूनमध्ये मुंबईच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "वहिनी, तुम्ही धंदा बंद केलात काय?" तेव्हा आम्हाला कळले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची भाड्याची जागा) आणि त्यांना जोडलेला ईमेल व फोन नंबर मालकाच्या नावावर असावा, एवढे आम्ही पाहायला हवे होते.

मजकुरातल्या चुका यापेक्षा सोप्या असतात. जुन्या छपाईच्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर इतरांच्या फोनवर तो अगम्य अक्षरांत दिसतो, आणि मजकुराचे चित्र करून लावले तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. सर्व मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. फोनवरून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच न चढवता दोनशे केबीच्या आत आणावेत. चौकशीचा फॉर्म असेल तर दर सोमवारी स्वतःच एक चौकशी पाठवून ती आपल्यापर्यंत पोहोचते का ते पाहावे, कारण असे मेल अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही ते आहे. मात्र त्याचे चिन्ह वेबसाइटवर लावण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. शेजाऱ्याने लावले म्हणून आपण लावू नये.

सर्वांत नुकसान होते ते मात्र कारखाना आणि वेबसाइट यांची एकमेकांना खबर नसल्याने. वेबसाइट रात्रीतून तीनशे पेट्यांची मागणी आणि पैसे घेते, आणि इकडे मोहोर उशिरा आलेला असतो किंवा दिवसाला चाळीस पेट्याच भरून होतात. पैसे परत करता येतात, पण ज्या गिऱ्हाइकाने अक्षय्य तृतीयेसाठी पेटी मागवली होती तो पुढच्या वर्षी परत येत नाही. म्हणून दिवसाची खरी क्षमता यंत्राच्या नोंदीवरून काढावी, तिच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच वेबसाइटवर मागणी घ्यावी, आणि पोहोचण्याची एक तारीख न देता आठवडा सांगावा. प्रत्येक डब्यावर बॅच नंबर असावा आणि त्या बॅचचे तापमान, तारीख व भरलेल्या डब्यांची संख्या पीएलसीच्या नोंदीत सापडावी. म्हणजे एखादी तक्रार आली तर सगळा माल परत न मागवता तेवढीच बॅच काढून घेता येते.

यासाठी पीएलसी थेट इंटरनेटला जोडून देतो असे कोणी म्हणाले तर नकार द्यावा. मॉडबससारखी यंत्रांनी आपसात बोलण्याची जुनी पद्धत समोरच्याला पासवर्ड विचारत नाही, जो पोहोचेल त्याचा आदेश ती पाळते. नोंदी एका वेगळ्या संगणकावर उतरवून तेथून वेबसाइटकडे पाठवाव्यात, आणि सप्लायरला दुरून पॅनेल पाहायचेच असेल तर व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या बंदिस्त, खासगी वाटेने), तेही आपण चालू करू तेवढ्या वेळेपुरतेच.

पीएलसीच्या प्रोग्रामची चालू प्रत आणि त्याचा पासवर्ड हे दोन्ही ऑर्डर देतानाच लेखी मागावेत. वादळानंतर कार्ड जळाले आणि प्रोग्राम फक्त सप्लायरकडे असला तर आंबा तुमच्यासाठी थांबत नाही. वहिनीच्या लहान पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मी आता एक कागद लॅमिनेट करून चिकटवला आहे. त्यावर प्रोग्रामची प्रत कोणत्या तारखेची आहे, ती कुठे ठेवली आहे, सेन्सर शेवटचा कधी तपासला, पीएलसीची बॅटरी कधी बदलली आणि डोमेनची मुदत कधी संपते, एवढे लिहिलेले आहे.