तांब्याचा पत्रा ठोकताना या चुका टाळा

नवं कुणी वाटी ठोकायला बसलं की तासाभरात तक्रार येते, "पत्राच खराब आहे हो, फाटला." पत्रा बरा असतो. त्याला वेळेवर ताव दिलेला नसतो, म्हणजे मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ केलेला नसतो.

तांबं मऊ, पण ठोकाल तसं कडक होत जातं. नरम पत्र्यावर मोगरीचा आवाज 'ठप्प' येतो. तो 'टण्ण' यायला लागला आणि हातोडी उसळायला लागली की थांबायचं. मी एकदा थांबलो नाही. मावसबहिणीच्या लग्नासाठी 20 गेज जाडीच्या पत्र्याचं घंगाळ करत होतो, संध्याकाळी हळद. भट्टी पेटवायचा कंटाळा केला, म्हटलं अजून एकच फेरा. काठाला केसाएवढी चीर दिसली. ती ठोकून मिटवायला गेलो तर दोन बोटं आत सरकली. काठ कापत कापत घंगाळाची ताटली झाली. तिच्यात आता माझे स्क्रू असतात. बहिणीला पाकीट दिलं. तेव्हापासून बुडापासून काठापर्यंत एक फेरा झाला की ताव, पत्रा नरम वाटला तरी.

ताव सावलीत द्या. उन्हात तांब्याची मंद लाली दिसतच नाही, मग मंडळी तापवतच राहतात. पत्र्याचा कण मोठा होतो आणि पुढे ठोकताना संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा उठतो. तांबं 1085 अंशांना वितळतं, ताव त्याच्या निम्म्या-पाऊणात होतो. लाली आली की सरळ पाण्यात. "कडक होईल ना?" हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. पाणी पाजून पोलाद कडक होतं, तांबं नाही. उलट वरची काळी खपली सुटते. उरलेली चिंचेने घासा, नाहीतर पुढच्या घावाला ती पत्र्यात रुतते.

पितळ लाल असताना ठोकू नका. त्यात शिसं असलं तर बिस्किटासारखं मोडतं.

ॲल्युमिनियम लाल होण्याची वाट बघू नका, 660 अंशांना ते थेट ओघळतं. साबणाची रेघ ओढा, ती काळपट झाली की आच बंद.

हातोडीच्या तोंडावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक घावात छापला जातो. आधी घासून आरशासारखं करा.

आणि मठार, म्हणजे शेवटचे ओळीने मारलेले घाव, झाल्यावर पुन्हा ताव? नको. पुण्याच्या तांबट आळीतलं भांडं हातात घ्या. ते घाव नुसत्या शोभेचे नाहीत, भांड्याला ताठपणा त्यांनीच येतो. एका उतावळ्या पोराने "डाग जातील" म्हणून तयार लोटा भट्टीत घातला. डाग गेले, आणि उचलताना अंगठ्याने पोचा पडला.