कॅमेऱ्यातले फोटो सिस्टीमवर घेताना या चुका टाळा, हात जोडून सांगतो

बेळगावच्या शहापुरात माझा छोटासा स्टुडिओ आहे. लग्नसराई लागली की आठवड्याला एखाद-दुसरं पोरगं कार्ड हातात धरून दारात उभं असतंच, "अण्णा, फोटो गेले." फोटो आपल्या पायांनी कुठं जात नाहीत रे बाबा, तू घालवलेस. आणि घालवायची तऱ्हा पण दरवेळी तीच.

पहिला नंबर कट-पेस्टचा. कॉपी सोडून कट का मारतात तर म्हणे कार्ड लगेच रिकामं होतं. अरे, कार्ड रिकामं करायची घाई कुणाला झालीय? पार्टीला फोटो पाहिजेत, रिकामं कार्ड नको.

माझ्याच दुकानात झालेलं सांगतो. आपल्याकडची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, रात्रभर चालते, एका गल्लीच्या मंडळाचं काम माझ्याकडं होतं. सजीव देखावा, बारकी बारकी पोरं मावळे झालेली, दोघांना तर उभ्या उभ्या झोप आलेली, असले फोटो परत काढायचे म्हटलं तर पुढच्या वर्षी. पहाटे घरी येऊन झोपलो, आणि दुपारी माझ्या हाताखालच्या पोरानं ३२ जीबीचं कार्ड लावून सगळं सिलेक्ट करून कट-पेस्ट मारलं. बाहेर वळीव सुरू, यूपीएसची बॅटरी मेलेली (ही चूक माझी, दोन महिने आज बदलू उद्या बदलू चाललेलं) आणि करंट गेला. परत आला तेव्हा सिस्टीमवर शे-दोनशे फोटो अर्धे बरोबर आणि खाली नुसता राखाडी पट्टा, काही तर उघडेचनात, आणि कार्ड लावलं की "फॉरमॅट करा" असा मेसेज. पोरगं माऊस धरून मला फोन करतंय, "अण्णा, ते फॉरमॅट मागुलाय, करू काय?"

"हात काढ बे माऊसवरनं!" एवढंच बोललो आणि गाडीला किक मारली.

नशीब एवढंच की कार्डावरनं फाईल काढली तरी आतला माल लगेच पुसला जात नाही. यादीतनं नाव खोडतात, माल जागेवरच असतो, नवीन काही त्याच्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून फोटो उडालेत असं दिसलं की त्या कार्डावर एक क्लिक पण करायचा नाही, कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवायचं. फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते लावलं. बहुतेक सगळे आले परत, पण मूळ नावं गेलेली, मग फोटो काढल्याची वेळ बघून बघून लावत बसलो दोन रात्री. काही आलेच नाहीत. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, घोड्यावरचा एकपण कसा नाही? काय सांगणार, कुंदा (आपली बेळगावची मिठाई) घेऊन गेलो घरी त्यांच्या.

तेव्हापासनं माझी पद्धत ठरलेली आहे. कॉपीच मारायची. झाली की दोन्हीकडं प्रॉपर्टीज उघडून फाईलींचा आकडा आणि साईज जुळवायची. मग पहिला, मधले दोन-चार आणि शेवटचा फोटो मोठा करून बघायचा. बारक्या चित्रावर विश्वास ठेवू नका, जेपेग फाईलच्या सुरुवातीलाच ते बारकं चित्र वेगळं ठेवलेलं असतं, त्यामुळं खालचा फोटो फुटलेला असला तरी ते झकास दिसतं. त्यानंतर बाहेरच्या हार्डडिस्कवर दुसरी कॉपी, आणि मगच कार्ड फॉरमॅट, ते पण कॅमेऱ्यातच. आणि भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातनं निघालं की बाजूची लॉकची खिटी मी खाली ओढतो. खिटी खाली म्हणजे फोटो अजून उतरवायचेत. तसलं कार्ड चुकून परत कॅमेऱ्यात गेलं तरी कॅमेरा त्याच्यावर काही लिहीत नाही. पोरं हसतात मला. हसू देत.

दुसरी चूक, सगळी कार्डं एकाच फोल्डरात ओतणे. कॅननचा कॅमेरा नाव देतो आयएमजी आणि पुढं चार आकडे, ९९९९ झाले की परत ०००१. आता लग्नात दोन कॅमेरे कॅननचेच असले तर आयएमजी ०४५२ दोन्हीकडं असणारच की. विंडोज विचारतं, रिप्लेस करू का? आणि आमचं शहाणं न वाचताच एंटर मारतं. खानापूरच्या एका लग्नात असंच नवरीकडची हळद नवरदेवाच्या हळदीनं खाऊन टाकली. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करा, तारीख, गाव, कुठला कॅमेरा, कितवं कार्ड. अर्धा मिनिट लागतो. एवढा पण दम नसेल तर लग्नाची कामं घेऊच नका.

बाकीचं पटापट.

केबल लावली आणि कॅमेरा दिसतच नाही? बऱ्याचदा ती मोबाईलची नुसती चार्जिंगची केबल असते, आत डेटाची वायरच नसते.

केबलनंच घ्यायचे असतील तर बॅटरी फुल्ल करून घ्या आणि ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा. मी मात्र कार्ड काढून कार्ड रीडरलाच लावतो. जुना यूएसबी २ चा रीडर सेकंदाला फार तर ३०-३५ एमबी ओढतो, म्हणजे ६४ जीबीला अर्धा तास गेलाच. यूएसबी ३ चा रीडर आणि बरं कार्ड असेल तर दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

पाच हजारांची लेन्स घासाघीस करून घेतात आणि रीडर मात्र फुटपाथवरचा. ३२ जीबीच्या वरचं कार्ड लई जुन्या रीडरला वाचताच येत नाही आणि तिथं पण तोच फॉरमॅटचा मेसेज येतो. कार्ड खराब नसतं, रीडर म्हातारा असतो.

रॉ फाईलचं (कॅमेऱ्यातला कच्चा फोटो, साध्या सॉफ्टवेअरात बऱ्याचदा उघडत नाही) चित्र दिसत नाही म्हणून "खराब आहेत" समजून डिलीट करणारा एक भेटलाय मला. खरंच.

वायफायनं मोबाईलवर घेऊन तिथनं कॉम्प्युटरवर? एक-दोन फोटो स्टेटसला ठेवायला ठीक आहे. पण काही ॲप सेटिंग बदलल्याशिवाय लहान केलेलाच फोटो पाठवतात, आणि व्हॉट्सॲपवरनं साधा पाठवला की त्याचा आणखी चुरा होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट करून पाठवा. परवा एकानं तसला व्हॉट्सॲपचा फोटो आणून दिला आणि म्हणतोय, अण्णा, याचा चार फुटी बॅनर करा.