आईबाबांचा विसराळूपणा: थायरॉइड कसे तपासावे, गोळी कशी द्यावी

घरातली मोठी माणसं तेच तेच विचारू लागली की ‘आता वय झालं’ म्हणून आपण विषय सोडून देतो. कृपा करून तसं करू नका. थायरॉइड मंदावल्यानेही डोकं संथ चालतं, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

१. आधी नीट पाहा. आठवडाभर नोंद ठेवा. नुसताच विसर पडतोय, की सोबत बद्धकोष्ठता, थकवा, कोरडी त्वचा, घोगरा आवाजही आहे? सगळ्यांना पंखा हवा असताना यांनाच शाल लागते का? मात्र गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तडक दवाखाना गाठा. पक्षाघात, संसर्ग किंवा सोडियम कमी होणं यामागे असू शकतं.

२. तपासणी. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड मंदावला की सहसा हे वाढतं) आणि फ्री टी४ (थायरॉइड स्वतः तयार करतो ते संप्रेरक), जोडीला बी१२ जीवनसत्त्व. शाकाहारी किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी१२ टाळूच नये. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते किमान दोन दिवस आधी थांबवा, आकडे चुकतात. हृदयाचं अमिओडॅरोन किंवा मनोविकारांवरचं लिथियम चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. दोन्हींमुळे थायरॉइड बिघडू शकतो.

३. रिपोर्ट पाहून घाबरू नका. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच. फ्री टी४ नॉर्मल आणि टीएसएच १० च्या आत असेल, तर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं शहाणपणाचं. युरोपात फ्री टी४ नॉर्मल पण टीएसएच वाढलेल्या, ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. थायरॉइडची खरी गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात किंवा विचारांच्या वेगात खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा काहीच फायदा दिसला नाही. शेजारच्या काकूंना गोळी लागू पडली म्हणून आईलाही सुरू करा, असा आग्रह म्हणूनच धरू नये.

४. गोळी लागलीच, तर खरी परीक्षा सकाळच्या चहाची. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे उठल्याउठल्या चहा लागतो, त्यामुळे हा नियम रोज मोडतो. गोळीची बाटली चहाच्या डब्याशेजारी नको, तिथे वाफ लागते. उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर. सकाळ जमतच नसेल तर रात्री, जेवणानंतर तीनेक तासांनी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. घेतली की नाही आठवत नाही, हा घोळ टाळायला आठवड्याच्या वारांची डबी आणा.

५. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असल्यास, डोस कमीपासून हळूहळू वाढवतात. घाई करायला लावू नका. डोस जास्त झाला तर छातीत धडधडतं, हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. टीएसएच जागेवर आला तरी विसर तसाच राहिला, तर गोळी वाढवून मागू नका; स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या.